सर चौथ्या मिनिटाला अडकतात

मुडबीचा माउली भित्रा आहे, ही गोष्ट मुडबीत कुणी लपवून ठेवत नाही. खुद्द माउली तर मुळीच नाही. फक्त त्याच्या घराण्याला हे शोभत नाही, म्हणून लोकांना जरा नवल वाटतं. आजोबांनी काठीच्या एका टोल्यात लांडगा लोळवला होता. ही गोष्ट आजही सांगतात, आणि दर सांगण्यात लांडगा वीतभर वाढतो. बाप चार-चार महिने मेंढरं घेऊन रानात राहायचा, एकटा, उशाला कुऱ्हाड. आई बाणूबाई साप दिसला तर आधी त्याची लांबी बघते आणि मग सावकाश चप्पल शोधते. अशा घरात माउली जन्मला, जो कोकरू शिंकलं तरी दचकायचा. बापानं दोन-तीन वर्षं वाट बघितली आणि पोराला शाळेत घातलं. "हे रानात न्हाई टिकायचं," तो बायकोला म्हणाला. "ह्याला लांडगं कशाला लागतेत, मेंढरंच खातील."

शाळेत अच्युतराव सर होते. हेडमास्तर, गणिताचे. त्यांनी माउलीला कधी मारलं नाही, पण ते उजव्या हाताचं बोट वर करून, चष्म्यावरून बघत, "मग? पुढं?" असं विचारायचे. त्या दोन शब्दांत माउलीला पाढे तर पाढे, स्वतःचं नावसुद्धा आठवायचं नाही.

आता माउली एकतीस वर्षांचा आहे आणि बसस्टँडसमोर 'बिरदेव मिक्सिंग अँड झेरॉक्स' ह्या आठ बाय दहाच्या दुकानात बसतो. लग्न, बारसं, साखरपुडा, मुंज असं काहीही असो, कॅमेऱ्यात चार-पाच तासांचं भरलेलं असतं. त्यातले जेवताना तोंड उघडं पडलेले पाहुणे काढायचे, नवरदेवाच्या मामाला दोनदा दाखवायचं, मागं गाणं टाकायचं आणि दीड तासाचा व्हिडिओ करून द्यायचा, ह्याला मिक्सिंग म्हणतात. माउलीनं आजवर दोनशेच्या वर लग्नं लावली, म्हणजे कॉम्प्युटरात लावली. स्वतःचं एकही नाही. बाणूबाई म्हणते, "दुसऱ्याच्या नवऱ्या बघून बघून डोळं फुटायलेत ह्याचं, अन् आपली बघायचं म्हटलं की खोकला येतो."

पण एक सांगायला पाहिजे. ह्या धंद्यात भित्रेपणाचा फायदा असतो. जो घाबरत नाही, त्याची लग्नं हरवतात. माउली प्रत्येक कामाच्या तीन प्रती ठेवायचा. एक कॅमेऱ्याच्या कार्डावर, एक कॉम्प्युटरात आणि एक बाहेरच्या डिस्कवर, आईच्या लुगड्यांच्या पेटीत. गिऱ्हाइकानं व्हिडिओ बघून, वहिनीला दाखवून, भांडणं होऊन मिटेपर्यंत तो कार्ड पुसायचा नाही. बसवकल्याणपासून आळंदपर्यंत त्याची ख्याती होती की माउलीकडून लग्न हरवत नाही.

तर ह्या माणसानं आयुष्यात एकदाच धाडस केलं, आणि ते नेमकं सरांच्या बाबतीत केलं.

झालं असं. श्रावणात अच्युतराव सरांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. ऐंशी वर्षं ओलांडली की माणसानं हजार पौर्णिमा बघितल्या असं धरतात आणि शांत करतात, तो सोहळा. सर आता बसवकल्याणला राहतात. त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं, "कॅमेरा तू आण. माझ्या हाताखालून गेलेला दुसरा कुणी कॅमेरावाला निघालेला नाही, त्याला माझा इलाज नाही." माउली गेला. होम झाला, तुला झाली, ओवाळणं झालं. शेवटी सर भाषणाला उभे राहिले तेव्हा माउलीनं कॅमेरा स्टँडवर लावला, बटण दाबलं, आणि पंगत बसत होती म्हणून जेवायला गेला. सरांच्या नजरेसमोर पंधरा मिनिटं उभं राहण्यापेक्षा भात बरा, असंही मनात असावं. परत आला तोवर भाषण संपलं होतं.

त्याच संध्याकाळी खजुरीहून फोन आला की उद्या सकाळी बारसं आहे. कार्डं दोन, दोन्ही सरांनी भरलेली. बाहेरची डिस्क हुमनाबादला बसवप्रभुकडं गेलेली. हा बसवप्रभु त्याचा मित्र, त्याच धंद्यातला, दोन आकडे जास्त शिकलेला. माउलीनं सगळं कॉम्प्युटरात उतरवलं, एक प्रत झाली, आणि कार्डं पुसली. दुसरी प्रत उद्या काढू म्हणाला. उद्याचा परवा झाला, परवाचा पोळा झाला.

सोहळ्यानंतर आठव्या दिवशी सरांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. सोलापूरच्या दवाखान्यात महिना काढून ते घरी आले, उठून बसायला लागले, सगळं समजत होतं, पण तोंडातून शब्द निघत नव्हता. अशा घरी व्हिडिओचं कोण विचारणार? आणि माउलीनंही ते काम उघडलं नाही. बोलणारे सर बघायची त्याची छाती झाली नाही.

दिवाळी झाल्यावर मंगळवारी सकाळी फोन आला. सरांच्या पत्नी, इंदुताई.

"माउली, मी इंदुकाकू. तुझ्याकडं ते भाषण आहे ना रे?"

"हाय की काकू."

"आवाज आहे ना पण त्यात?"

"हाय की."

"मग शुक्रवारी अकराच्या बसनं येते मी. बाकीचं काही नको मला आता. तेवढं भाषण ऐकव. आणि तुमची ती कापाकापी करू नकोस."

"न्हाई काकू. अख्खं ठेवतो."

फोन ठेवला आणि माउलीनं फाईल उघडली. पडद्यावर सर आले. पांढरं धोतर, उपरणं, हातात कागद. "लोक म्हणतात मी हजार चंद्र बघितले," सर म्हणाले. "मी हिशोब केला. श्रावण-भाद्रपदातल्या ढगातल्या पौर्णिमा वजा जाता ते आठशे बत्तीस भरतात. तेव्हा हा सत्कार एकशे अडुसष्टनं जास्तीचा आहे." मंडपात हशा. माउलीलाही हसू आलं, आणि तेवढ्यात चित्र धक्के खायला लागलं. सर यंत्रातल्या बाहुलीसारखे हलले, आवाज तुटला, क-क-क-क झालं, आणि सगळं थांबलं. चार मिनिटं अकरा सेकंद.

थांबलं तेही कसं, तर बोट वर. नजर सरळ कॅमेऱ्यात. मग? पुढं?

माउलीनं कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला. ह्या धंद्यातला हा पहिला अंगारा. पुन्हा लावलं. ह्या वेळी सर दोन मिनिटं चाळीसला अडकले. मग त्यानं पडद्यावरचं चित्र हलकं केलं. सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय असते, पूर्ण चित्राऐवजी अर्धं, पाव दाखवायचं, म्हणजे मशीनवर ओझं कमी पडतं. सर पुसट झाले, चेहऱ्याचे चौकोन झाले, आणि एक मिनिट पंचावन्नला अडकले. सॉफ्टवेअर आपल्या सोयीसाठी जागोजाग तुकडे साठवून ठेवतं, तो साठा पुसला. काही नाही. सॉफ्टवेअर बाजूला ठेवून साध्या प्लेयरमध्ये लावलं. तिथंही तेच, वर तोंड हिरवं पडलं.

साध्या प्लेयरमध्येही अडकतंय म्हटल्यावर माउलीनं मनाशी निकाल लावला. म्हणजे सॉफ्टवेअर नाही. फाईलच गेली.

त्यानं बसवप्रभुला फोन लावला.

"प्रॉक्सी कर," बसवप्रभु म्हणाला. "मोठ्या व्हिडिओची बारकी नक्कल काढ, तिच्यावर काम कर. मोठ्या बैलाला कशाला नाचवायलास, वासरू नाचव."

माउलीनं बारकी नक्कल काढायला लावली. एक टक्का, पाच टक्के, अकरा टक्के. माउली ओठातल्या ओठात कुळदैवत मल्लण्णाचं नाव घेत होता. अठरा टक्क्यांना कॉम्प्युटर खट्‌कन बंद पडला. पुन्हा चालू केला, पुन्हा लावलं. ह्या वेळी नऊ टक्क्यांना खट्.

आता भित्र्या माणसाचं डोकं कसं चालतं ते बघा. चार अकरा, दोन चाळीस, एक पंचावन्न. अठरा टक्के, नऊ टक्के. माउलीच्या लक्षात आलं की दर वेळी कमीच होत चाललंय. म्हणजे फाईल शेवटाकडून कुजत पुढं येतेय, आणि आपण जेवढ्या वेळा लावू तेवढी ती जास्त झिजतेय. अजून चार-पाच वेळा लावलं तर सर उभे राहण्याआधीच संपतील. त्यानं कॉम्प्युटरची वायर भिंतीतून उपटली, दुकानाचं शटर ओढलं आणि भरदुपारी घरी जाऊन घोंगडी पांघरून निजला.

बुधवारी तो दुकानात गेलाच नाही. बाणूबाईनं भाकरी थापता थापता तीन वेळा बघितलं.

"कामून बसलास रे?"

"काय न्हाई."

"ताप हाय का?"

"न्हाई."

"मग पोरगी बघायला जायचंय का कुठं? तसं तोंड झालंय."

माउलीनं सांगितलं. सरांचा आवाज, एकच प्रत, आपण पुसलेली कार्डं, शुक्रवारची अकराची बस. बाणूबाईनं भाकरी उलटली.

"मास्तर बोलनात झालेत, व्हय?"

"अडीच महिने."

"अन् तू त्यांचा आवाज दुकानात कोंडून निजलास." तिनं तव्यावरची भाकरी काढली. "मेंढरू दुखण्यात पडलं तर धनगर घोंगडीत शिरत न्हाई बाबा. मेंढराजवळ जाऊन बसतो. मेलं तर मेलं, पर जवळ बसतो."

हे ऐकून माउलीची भीती कमी झाली असं नाही. उलट आता तिच्यात शरम मिसळली. पण गुरुवारी सकाळी आठला तो दुकानात जाऊन बसला खरा, आणि बसवप्रभुला पुन्हा फोन लावून सगळं सांगितलं.

"थांब थांब," बसवप्रभु म्हणाला. "सर एकाच जागी अडकायलेत का वेगवेगळ्या?"

"दर बारीला अलीकडंच."

"आज लावलंस?"

"न्हाई. झिजंल ना."

"झिजतंय काय माउलीअण्णा, ती काय वहाण हाय? लाव अन् कुठं अडकतं ते मला सांग. मी फोनवर हाव."

माउलीनं डोळे मिटून बटण दाबलं. एक मिनिट गेलं. दोन गेली. एक पंचावन्नची खूण ओलांडून सर पुढं निघाले, चार अकरा ओलांडलं, आचाऱ्याचे आभार मानले, मंडपवाल्याचे मानले, आणि पाच मिनिटं वीस सेकंदांना धक्के सुरू झाले.

"पाच वीस," माउली म्हणाला.

"आता ऐक. फाईल सडली असती तर रोज त्याच जागी अडकली असती. खड्डा कधी रस्त्यावर फिरतो का? तुझे सर सकाळी ताजेतवाने असताना लांब जायलेत, अन् दुपारी चारवेळा लावलं की जवळच थकायलेत. फाईल न्हाई, मशीन दमायली. कशानं दमायली ते तू बघ."

फोन झाल्यावर माउलीची भीती फाईलवरून मशीनवर सरकली. मशीन दमतेय म्हणजे मशीन मरतेय, आणि मरता मरता सरांनाही घेऊन जाईल, हे आहेच.

तेवढ्यात बाणूबाई भाकरीचं फडकं घेऊन आली. पोरगा जवळ बसलाय की नाही ते बघायला आली असणार. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि टेबलाखालच्या कॉम्प्युटरच्या डब्यावर तळहात ठेवला. मेंढराचा कान चाचपावा तसा, आधी हात, मग हाताची मागची बाजू.

"ह्याला ताप हाय की रे," ती म्हणाली.

माउलीनं हात लावला आणि काढून घेतला. डबा तव्यासारखा झाला होता. इतके दिवस तो पडद्याकडंच बघत होता. डब्याकडं बघायचं त्याला सुचलंच नव्हतं. त्यानं वायर काढली, थोडा वेळ निवू दिलं, मागचे दोन स्क्रू काढले आणि बाजूचा पत्रा ओढला.

आत सगळं पिवळंधमक होतं.

मधोमध जो पंखा असतो, मशीनच्या डोक्याला वारा घालणारा, त्याची पाती दिसतच नव्हती. त्यांच्यावर आणि खालच्या जाळीवर बोटभर जाडीचा पिवळा थर बसला होता, धुळीनं आणि निरांजनाच्या काजळीनं घट्ट झालेला. पंख्यानं घोंगडी पांघरली होती, आणि तीही हळदीत बुडवून.

माउलीनं वर बघितलं. बाणूबाई फडक्याची गाठ सोडण्यात गुंतली होती.

हे असं झालं होतं. खांडेनवमीला जो तो आपल्या कामाच्या हत्याराची पूजा करतो. माउलीच्या घरी कातर, कुऱ्हाड आणि काठी पूजली जायची; बाप गेल्यापासून कॉम्प्युटर. बाणूबाई मैलारहून आणलेला मल्लण्णाचा भंडारा घेऊन दुकानात आली होती, आणि तिनं माउलीला मशीन चालू करायला लावली होती, कारण बंद पडलेल्या हत्यारावर भंडारा उधळणं तिला पटत नव्हतं. मग 'येळकोट' म्हणून तिनं एक मूठ उधळली. मशीन घरघरली. ती तिला देवाची साद वाटली, म्हणून दुसरी मूठ थेट मागच्या जाळीवर मारली. पंखा चालू होता. त्यानं प्रसाद मनोभावे आत ओढून घेतला. माउली हे सगळं बघत उभा होता. नको म्हणावं असं त्याच्या मनात आलं होतं, पण आईला आणि देवाला एकाच वेळी नको म्हणायची त्याची हिंमत नव्हती. त्यानंतर लग्नसराई नसल्यानं मशीनला मोठं काम पडलं नव्हतं, म्हणून काही कळलं नव्हतं.

"आई, हे बघितलीस का?"

"बघितलं. देवाचा भंडारा हाय. तो वाईट न्हाई करत."

"पंखा फिरंना झालाय त्याच्यानं."

"मग अजून पेटली कशी न्हाई मशीन? एवढी तापून?" बाणूबाईनं विचारलं. "त्यानंच धरून ठेवली असंल."

माउलीनं रंगकामाचा ब्रश आणला आणि एका वर्तमानपत्रावर हळूहळू झाडायला लागला. ह्यातही भीती होतीच. देवाचा भंडारा जमिनीवर सांडून पायाखाली यायला नको, आणि आतली बारीक वायर ब्रशानं उपसून यायला नको. एक हात देवाला सांभाळत होता, दुसरा मशीनला. वरचं निघालं, पण पात्यांच्या खाली, पितळी-पांढऱ्या फटींत जे जाऊन बसलं होतं ते निघेना. तिथं वारा पाहिजे. वारा कुणाकडं? रस्त्यापलीकडं, पंक्चरवाल्या जगदेवप्पाकडं.

उघडा कॉम्प्युटर छातीशी धरून, नुकतं जन्मलेलं कोकरू नेतात तसा, माउलीनं बसस्टँडचा रस्ता ओलांडला. दोन्ही बाजूंनी टमटमवाले हॉर्न वाजवत होते.

"काय रे, पंक्चर कुठं झालंय?" जगदेवप्पानं विचारलं.

"पंक्चर न्हाई मामा. ह्याच्या छातीत भरलंय."

"मग वाफ दे की." त्यानं हवेची नळी उचलली. "किती मारू? ट्रॅक्टरची मारू का सायकलची?"

"सायकलचीबी अर्धी मारा. अन् लांबून."

माउलीनं पंख्याची पाती बोटानं दाबून धरली, नाहीतर वाऱ्यानं पंखा बेभान फिरून मोडायचा. जगदेवप्पानं नळीचा खटका दाबला आणि पिवळा लोट उठला. दोघांच्या भुवया, मिशा, टायरांची चळत, सगळं पिवळं झालं. रस्त्यानं जाणारी एक म्हातारी थांबून नमस्कार करून गेली.

पंखा उचलल्यावर त्याच्याखालचा पांढरा मलम वाळून खडू झालेला दिसला. तो बदलल्याशिवाय उष्णता पंख्यापर्यंत चढत नाही, असं बसवप्रभुनं फोनवर बजावलं आणि हुमनाबादहून एक ट्यूब बसच्या कंडक्टरकडं दिली. बस पाचला आली. माउलीनं मसुराएवढा मलम लावला, पंखा बसवला, वायरी जोडल्या, बटण दाबलं. काहीच झालं नाही. दिवा नाही, आवाज नाही.

त्या क्षणी माउलीच्या डोळ्यांसमोर अकराची बस उभी राहिली. तिच्यातून इंदुकाकू उतरल्या. त्यांनी काही विचारलं नाही, नुसतं बघितलं. मग त्याला दिसलं की त्यानं भिंतीतली वायरच लावलेली नाही.

पंखा गुणगुणत फिरायला लागला. माउलीनं भाषण लावलं नाही. तो आता शहाणा झाला होता. त्यानं आधी नक्कल करायला घेतली. एक कार्डावर, एक पेनड्राइव्हवर, एक बसवप्रभुकडून परत आलेल्या, आईच्या पेटीतल्या डिस्कवर. तिन्ही होईपर्यंत त्यानं डब्यावरचा हात काढला नाही. मग भाषण लावलं. चार अकरा गेलं, पाच वीस गेलं, सहा मिनिटं झाली, चित्र लोण्यासारखं सरकत होतं. आणि इथं माउलीनं ते स्वतःच थांबवलं.

कारण आता त्याला नवीन भीती सुचली होती. भाषणाच्या वेळी आपण पंगतीत होतो. कॅमेरा शेवटपर्यंत चालू होता हे कुणी बघितलंय? फाईल साडेअकरा मिनिटांची दिसते, पण मध्येच माइक बंद पडला असेल तर? तसं निघालं असतं तर रात्रभर ते माहीत असून जगावं लागलं असतं. त्यापेक्षा माहीत नसलेलं बरं. त्यानं शटर ओढलं.

शुक्रवारी बस साडेअकराला आली. इंदुताई एकट्याच उतरल्या. शहात्तर वर्षांच्या, फिकट निळी साडी, हातात पिशवी. माउलीनं प्लास्टिकची खुर्ची पुसली, पुन्हा पुसली.

"सर कसे हाईत काकू?"

"बसायलेत. खायलेत. पेपर समोर धरला की वाचतात, नको असलं पान आलं की डाव्या हातानं ढकलतात. फक्त…" त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. "लाव तू."

माउलीनं बटण दाबलं. सर उभे राहिले. चंद्रांचा हिशोब झाला. इंदुताई हसल्या नाहीत. कान देऊन ऐकत राहिल्या. सरांनी भटजींचे आभार मानले, उदगीरच्या आचाऱ्याचे मानले, मुलगा श्रीहरी आणि सून नेत्रा ह्यांचे मानले, मंडपवाल्याचे मानले. सात मिनिटांना ते म्हणाले, "आणि कॅमेऱ्यामागं आमचा माउली उभा आहे. गणितात कच्चा, पण उभा राहतो." माउली त्या वेळी मठ्ठ्याची दुसरी वाटी पीत होता. त्याचे कान तापले.

आठ मिनिटं. साडेआठ. आभार संपत आले होते आणि त्यात एक नाव नव्हतं. माउलीनं चोरून बघितलं. इंदुताईंच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हतं. त्याला वाटलं, हे असं असेल तर ही फाईल गेली असती तेच बरं होतं.

नऊ मिनिटांना सरांचा घसा सुकला. ते खाकरले, कागद खाली केला, आणि माइकसमोरच, घरात बोलतात तसं म्हणाले, "इंदू, पाणी दे गं." कुठंतरी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "नको, नको. तू बैस. सकाळपासून उभीच आहेस. कुणीतरी दुसरं देईल. बैस तू." मग कुणाचा तरी हात पेला घेऊन आला, सर प्यायले, कागदात बघितलं आणि पुढची ओळ सापडेना म्हणून दोन क्षण शोधत राहिले. एरवी मिक्सिंगमध्ये पहिल्यांदा कापतात ते हेच.

"थांब," इंदुताई म्हणाल्या.

माउलीचा हात डब्याकडं गेला. डबा थंड होता. पंखा फिरत होता.

"काय झालं काकू? अडकलं का?"

"नाही. मागं घे. पाण्याच्या आधी."

त्यानं मागं घेतलं. 'इंदू, पाणी दे गं.' त्यांनी 'पुन्हा' म्हणून बोट हलवलं. पुन्हा मागं. चौथ्या वेळेला त्यांनी डोळे मिटून घेतले, आणि पदराचं टोक मुठीत धरलं.

"एक सांगू का तुला?" त्या डोळे न उघडताच म्हणाल्या. "दसऱ्यापासून मला ह्यांचा आवाज आठवेना झाला होता. माणूस समोर बसलेला, चोवीस तास, आणि आवाज आठवेना. बोललेलं आठवायचं, शब्द न् शब्द, पण ते माझ्याच आवाजात. हे सांगायचं कुणाला? श्रीहरीला सांगितलं असतं तर तो मलाच डॉक्टरकडं घेऊन गेला असता." मुठीतला पदर त्यांनी सोडला. "भ्याले होते रे मी फार."

भ्यालेल्या माणसाला काय म्हणायचं ते माउलीला ठाऊक नव्हतं, कारण त्याला तसं आजवर कुणी काही म्हटलंच नव्हतं.

इंदुताईंनी पिशवीतून फोन काढला. "तेवढंच ह्यात घालून दे. पाण्याचं. आणि अख्खं भाषण वेगळं दे. ते ह्यांना दाखवायचं की नाही, ते मी बघेन सावकाश." माउलीनं वायर जोडली, तुकडा उतरवला, दोन ठिकाणी उतरवला. फोन परत घेताना त्यांनी तो लगेच पिशवीत टाकला नाही.

"आमच्याकडं भजनाच्या कॅसेट होत्या," त्या म्हणाल्या. "लावून लावून आवाज खरखरीत झाला, मग गेलाच. हे किती वेळा लावलं म्हणजे झिजतं?"

"झिजत न्हाई काकू."

"तुला ठाऊक आहे, की माझ्या समाधानासाठी म्हणायलास?"

"ठाऊक हाय," माउली म्हणाला. "मंगळवारपास्नं माझ्याबी पोटात तेच भ्या होतं. भ्यात भ्यात परवा दिवसभर हात न्हाई लावला ह्याला. पर न्हाई झिजत. हजारदा लावा."

इंदुताईंनी त्याच्याकडं नीट बघून घेतलं.

"मग अजून एकदा लाव," त्या म्हणाल्या आणि खुर्ची पडद्याजवळ ओढून बसल्या.